भिंतीकडे तोंड केलेला डबा

आई,

मागच्या आठवड्यात आमच्याकडे नवीन मोडेम बसवायला माणूस आला होता. जुना बंद पडला म्हणून फायबरची लाइन घेतली. त्याने भिंतीला खिळे मारले, वायर ओढली, दिवे लागले, आणि मोबाइल हातात धरून मला विचारलं, "मॅडम, पासवर्ड काय ठेवू?" मी सांगायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. "द्या इकडे, मीच टाकते," मी म्हणाले. त्याला वाटलं असेल, बाईचा विश्वास नाही. तो बिचारा खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. मी पासवर्ड टाकला, मोबाइल परत दिला, त्याला चहा दिला, तो गेला. नंतर मी बराच वेळ त्याच खुर्चीवर बसून होते. तू असतीस तर तुला हे सांगितलं असतं, आणि तू तोंडावर पदर धरून हसली असतीस. आता सांगायला कोणी नाही. बाबा नाहीत, आणि तुलाही जाऊन बरीच वर्षं झाली. म्हणून लिहायला बसले आहे.

तुला पत्र मी कधी लिहिलं नाही. लग्न होऊन मुरबाडला आले, पण तुमचं शहापूर काही लांब नव्हतं. किन्हवली, सरळगाव करत एसटी यायची, मनात आलं की निघायचं. पत्र लिहिलं असतं तरी तू ते एकेका अक्षराखाली बोट धरून वाचलं असतंस, ओठ हलवत, आणि शेवटी म्हणाली असतीस, "एवढं लिवण्यापेक्षा आली आसतीस तर भाकरी तरी खाऊन गेली आसतीस."

भातसानगरच्या क्वार्टरमधलं आपलं स्वयंपाकघर मला अजून दिसतं. बाबा धरणावर कामाला गेलेले आहेत, धाकटा अंगणात खेळतो आहे, तू जमिनीवर बसून तांदळाच्या भाकऱ्या थापते आहेस आणि मी दारात अभ्यासाला बसले आहे. तेवढ्यात कोणीतरी येतं. कधी मतदार यादीवाला, कधी दवाखान्यातली बाई, कधी जनगणनेचे मास्तर. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो. "बाई, मालकांचं नाव?" तू थापायची थांबतेस आणि माझ्याकडे बघतेस. "सांग गो." मग मी बाबांचं नाव सांगते, आडनावासकट, शाळेत हजेरीला बोलते तसं खणखणीत. समोरचा माणूस लिहून घेतो. मला वाटायचं, नळावरून पाणी आणावं तसं हेही माझंच काम आहे. मतदार यादीवाल्याने एकदा तुला चिडवलं होतं. "काय बाई, पोरगी शाळेत गेली की कसं करता?" तू मान वर न करता म्हणालीस, "तुमी पोरगी यायच्या टाइमाला या ना." तो हसत हसत पुढच्या क्वार्टरला गेला.

एक दिवस मी तुला विचारलं, "तू घेतलंस नाव तर काय होईल?"

"त्यांचं आयुक्ष कमी होतं."

"मी तर रोज घेते."

"तू लेक हायस. लेकीला चालतं."

"पण का?"

तू तव्यावरच्या भाकरीवर पाण्याचा हात फिरवलास, ती उलटलीस आणि म्हणालीस, "जपायचं आसतं गो ते. सारखं काढलं का झिजतं." मला त्याची गंमत वाटली. मी मुद्दाम बाबांचं नाव मोठमोठ्याने घेत स्वयंपाकघरात गोल फिरू लागले. तू पिठाच्या हाताने माझ्या पाठीत एक दिलास. फार लागलं नाही, पण फ्रॉकवर पांढरा पंजा उठला. संध्याकाळी बाबांनी तो पाहिला आणि विचारलं, "हे कोणी केलं?" मी सगळं सांगितलं. बाबा तुझ्याकडे बघून म्हणाले, "आगो, मी काय साबण हाय झिजायला?" तू त्यांचं ताट जरा जोरात ठेवलंस.

डबा त्यानंतरच्या हिवाळ्यातला. आपण सगळे तुझ्या माहेरी मुरबाडला आलो होतो आणि तिथून म्हशाच्या जत्रेला गेलो. बैलबाजार झाला, घोंगड्या झाल्या, धाकट्याला पिपाणी झाली. मग बाबा भांड्यांच्या दुकानासमोर थांबले आणि त्यांनी पिठासाठी झाकणाचा मोठा स्टीलचा डबा घेतला. शेजारी नावं घालणारा बसला होता. त्याचं मशीन गाडीच्या बॅटरीवर चालायचं, त्याचा किर्र आवाज ऐकायला मुलं जमलेली. बाबांनी त्याच्या कानाशी वाकून काहीतरी सांगितलं. तू पुढे जाऊन बांगड्या बघत होतीस. परत आलीस तेव्हा अर्धं काम झालं होतं. डब्यावर आडनाव नाही, गाव नाही, तारीख नाही. नुसती दोन नावं शेजारी शेजारी. एक बाबांचं आणि एक तुझं, आणि तेही माहेरचं.

"अवो, हे काय घातलंत?" तू हळूच म्हणालीस. "आडनाव तरी टाका. लोकं हसतील."

"आडनाव अख्ख्या गावाचं हाय."

"आन हे नाव कशाला? हे तर मोडलं लग्नात."

"मी कुठं मोडलं? घरच्यांनी मोडलं. माज्याकडून तांदळात लिवून घेतलं, मी लिवलं."

नावं घालणारा मशीन चालवता चालवता म्हणाला, "वयनी, आता पुसायचं नाय बघा. पुसायचं मशीन आजून आलं नाय." सगळी माणसं हसली. तू पदर ओढून घेतलास आणि जत्रेच्या गर्दीत अशी चालू लागलीस की आम्हाला तुझ्यामागे पळावं लागलं. घरी आल्यावर तू डबा ओट्याखाली ठेवलास, नावं भिंतीकडे करून. मग तो तसाच राहिला. पीठ काढायचं, झाकण लावायचं, डबा फिरवून पुन्हा भिंतीकडे. क्वार्टर सुटलं, बाबा निवृत्त झाले, शहापूरला घर बांधलं, तिथेही डबा त्याच तऱ्हेने उभा. मी त्या डब्यातून किती वेळा पीठ काढलं असेल. पण त्यावर काय लिहिलं आहे ते विसरून गेले. रोज डोळ्यासमोर असलेल्या गोष्टींचं असंच होतं बहुतेक.

धाकटा मस्कतला गेला आणि पहिल्या सुट्टीला येताना बाबांसाठी लॅपटॉप घेऊन आला. बाबांनी टेलिफोनच्या लाइनवर इंटरनेट घेतलं. पावसाळ्यात जवळच वीज पडली आणि लॅपटॉपला तार लावायची जागा जळाली. मग त्यांनी बिनतारेचा, वायफायचा मोडेम मागवला. शुक्रवारी धाकट्याला सुट्टी असायची, तेव्हा तो व्हिडिओ कॉल करायचा. तू दुपारपासून तयारीला लागायचीस. वेणी घालायचीस, कुंकू नीट करायचीस, आणि जेवण वाढून ताट लॅपटॉपपुढे धरायचीस. "बघ, आंबट वरण केलंय. जेवलास का तू? काय जेवलास?" बाबा मागे उभे राहून म्हणायचे, "आगो, ताट जरा बाजूला घे, त्याला वरणच दिसतंय, आय दिसत नाय." या सगळ्यासाठी पासवर्ड लागतो हे मला माहीत होतं, पण तो कोणता ते मी कधी विचारलं नाही. मी आले की लॅपटॉप चालूच असायचा.

बाबा गेले तेव्हा लॅपटॉप घरात नव्हता. हळू चालतो म्हणून त्यांनीच तो शहापूरच्या नाक्यावरच्या दुकानात दिला होता, आणि आणायचा राहून गेला. सकाळी अंघोळ करून देवाला फूल वाहिलं आणि तिथेच बसले. दवाखान्यात न्यायलासुद्धा वेळ मिळाला नाही. मी मुरबाडहून पोचले तेव्हा त्यांना बाहेर ओटीवर ठेवलेलं होतं. धाकट्याला कंपनीने सोडलं नाही. पासपोर्ट त्यांच्याकडे, साहेब सुट्टीवर, सही कोण करणार. अग्नी चुलतभावाने दिला. धाकटा रोज फोन करायचा आणि रडायचा. तू फोन कानाला लावायचीस, ऐकायचीस आणि माझ्याकडे द्यायचीस. तेव्हाच्या आमच्या फोनांवर माणूस दिसायचा नाही. एकदा म्हणालीस, "नुसता आवाज ऐकून काय करू? माला एकदा त्याचं तोंड दाखव." त्या दिवसांत तू माझ्याकडे मागितलेली ती एकच गोष्ट.

तेराव्याच्या आदल्या दिवशी दुकानवाला स्वतः लॅपटॉप घेऊन घरी आला. त्याला बातमी कळली होती. चप्पल बाहेर काढून तो आत आला, बाबांच्या फोटोला हात जोडले आणि मला म्हणाला, "काकांचं काम करून ठेवलं होतं. सगळं पुसून नवीन टाकलंय, आता एकदम फास्ट चालेल." त्याने मनापासून केलं होतं. तो गेल्यावर मी लॅपटॉप उघडला तर त्याने वायफायचा पासवर्ड मागितला. आधीचा होता तोही पुसला गेला होता.

ती दुपार मला पुन्हा पुन्हा आठवते. तू भिंतीला टेकून बसली आहेस, कपाळ मोकळं, हात मोकळे. आत्या, म्हणजे बाबांची बहीण, तुझ्या शेजारी तांदूळ निवडते आहे. मी लॅपटॉप मांडीवर घेऊन बाबांचं नाव टाकते. चालत नाही. नाव आणि जन्मसाल टाकते. चालत नाही. धाकट्याचं नाव, माझं नाव, आमच्या गाडीचा नंबर, कुलदेवाचं नाव. मोडेम उलटा करून खालचा कागद बघते, तिथला नंबर टाकते, तोही बदललेला. "आई, तुला माहीत आहे का गं पासवर्ड?" तू पदराचं टोक बोटाला गुंडाळतेस. "माला काय इचारतंस? माला यातलं काय कळतं?" मी विश्वास ठेवते. कोणीही ठेवला असता.

मग मी टेलिफोनच्या ऑफिसला फोन लावला. तिकडचा माणूस म्हणाला, "मागे बारीक भोक आहे, त्यात टाचणी खुपसून धरून ठेवा. सगळं पुसलं जाईल. पण मग लाइन परत चालू करायला आमचाच माणूस यायला लागेल, आणि आता सुट्ट्या लागून आल्यात." मी विचार केला, उशिरा तर उशिरा, पण होईल तरी. ब्लाउजची पिन काढली.

"ती पिन कशाला?" तू विचारलंस.

"यात खुपसायची. सगळं पुसून नव्याने करायचं."

"यांनी घातलेलं?"

"तेही जाणार."

"मंग नको."

"अगं, पण मग त्याचं तोंड कसं दिसणार तुला?"

आत्याने सुपातला हात थांबवला. ती म्हणाली, "थांब गो. तो माला बोलला व्हता. मी म्हटलं, दादा, माज्या फोनात पण टाक ना तुजं ते वायफाय. तर म्हणतो, वयनीला इचार, सांगली तर घे. आन हसत सुटला." मग ती तुझ्याकडे वळली. "वयनी, त्याचंच नाव घातलंय ना त्यानं?"

मी म्हटलं, "आत्या, नाव टाकून बघितलं. नाही चालत."

"मंग नावासंगं आजून काय आसल. वयनी, सांगा की. आता काय ऱ्हायलंय त्याचं कमी व्हायचं?"

बोलून झाल्यावर आत्यालाच ते ऐकू आलं. तिने सूप खाली ठेवलं आणि तोंडात पदराचा बोळा घालून रडायला लागली. तू रडली नाहीस. तू तिच्या पाठीवरून हात फिरवलास, गुडघ्यावर हात देऊन उठलीस आणि आत गेलीस. मला वाटलं, तुला राग आला. आतून काहीतरी फरशीवरून ओढल्याचा आवाज आला. मी उठणार तेवढ्यात तू दारात आलीस, पिठाचा डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरून. भरलेला होता, तेराव्याचं पीठ दळून आणलेलं. तू तो माझ्यासमोर ठेवलास, फिरवलास, पदराने पुसलास. आणि त्या दोन नावांखाली बोट ठेवलंस.

"हे घाल. दोनी सलग."

मी डब्याकडे बघत राहिले.

"यांचं एकलं घेईना ते," तू सांगू लागलीस. "आठ अक्षरं तरी लागतात, तो बसवणारा बोलला. यांच्या नावात कमी पडत व्हती. मंग माजं जोडलं. मी म्हटलं, दुसरं काय सुचलं नाय का तुमाला? तर म्हणतात, आता तरी कोण घरी आलं आन मागितलं का नाव घेशील." थोडं थांबून तू म्हणालीस, "मी नाय घेतलं. कोण आलं का मीच घालून द्यायची, बोटानं. अक्षरं दावली व्हती त्यांनी."

म्हणजे तुला सगळं येत होतं. इंग्रजीतली तेवढीच अक्षरं बाबांनी तुला शिकवली होती, आणि तू ती शिकलीस कारण तोंडाने सांगायचं नव्हतं. मी ती दोन नावं इंग्रजीत सलग टाकली. मोडेमचा दिवा लुकलुकला. वायफाय लागलं.

धाकटा समोर आला तेव्हा मी आधी ओळखलंच नाही. त्याने डोकं भादरलं होतं. अग्नी देता आला नाही, पाणी देता आलं नाही, म्हणून तिथल्या तिथे त्याने तेवढं केलं होतं. तू लॅपटॉपच्या अगदी जवळ सरकलीस.

"कोणी केलं रे?"

"इथं एक केरळचा न्हावी आहे. त्याला सांगितलं, बाप गेला. त्यानं पैसे घेतले नाहीत."

तू त्याच्या डोक्याकडे बघत राहिलीस. तो रडत होता, मी रडत होते, आत्या मागून डोळे पुसत डोकावत होती. तू म्हणालीस, "टोपी घालत जा. तिकडं ऊन लय आसतं." मग इतक्या दिवसांत पहिल्यांदा तुझा आवाज फुटला. बाबा गेले त्या दिवशीही तू तशी रडली नव्हतीस. डबा तुझ्या मांडीजवळच होता. तुझा एक हात त्याच्या झाकणावर होता, आणि रडताना तू तो काढला नाहीस.

संध्याकाळी मी तुला विचारलं होतं, तुझं ते माहेरचं नाव बाबा कधी घ्यायचे का? माझ्या कानावर तरी कधी आलं नव्हतं. तू चुलीवरचं, नाही, गॅसवरचं दूध बघत होतीस. म्हणालीस, "कवा कवा." आणि लगेच, "दूध उतू जाईल, सरक." मी पुढे विचारलं नाही. आपल्या घरात पुढे विचारायची पद्धत नव्हती. पण मुरबाडला परत येताना एसटीत माझ्या मनात तेच घोळत होतं. आजी-आजोबा गेलेले, मामा तुला अक्का म्हणणार, बाकी जगाला तू कोणाची तरी आई, काकू, वयनी. ते नाव घेणारा एकच माणूस उरला होता, आणि आता तोही नव्हता. बाबांचं नाव निदान दारावरच्या पाटीवर होतं.

त्यानंतरची वर्षं तू शहापूरला एकटीच काढलीस. आमच्याकडे ये म्हटलं की म्हणायचीस, "इथं पोराचा फोन येतो." दर शुक्रवारी ताट वाढून बसायचीस. मोडेम दोनदा बदलला, पासवर्ड तोच. बसवणाऱ्याच्या हातातून घेऊन तूच घालायचीस, एका बोटाने, चष्मा नाकावर ओढून. शेवटी दवाखान्यात होतीस तेव्हा नर्सने कागद भरताना तुला विचारलं, "आजी, मिस्टरांचं नाव?" तुला तेव्हा नीट शुद्धही नव्हती. तू डोळे उघडलेस आणि माझ्याकडे बघितलंस. बोलायची ताकद नव्हती, पण मला ऐकू आलं. मी सांगितलं, आडनावासकट, खणखणीत. तू डोळे मिटलेस. माझं काम मी केलं, एवढंच समाधान.

धाकट्याने घर विकताना विचारलं, तुला काय हवं? मी डबा मागितला. तो म्हणाला, "एवढंच?" मी हो म्हटलं. आमच्याकडे नवीन पासवर्डही मी तोच ठेवला आहे. माझा मुलगा म्हणतो, "मम्मी, त्याचा अर्थ काय?" मी म्हणते, "आहे काहीतरी." पाहुणे आले, मागितला, तर मी म्हणते, द्या फोन, मी घालून देते. माझ्या नवऱ्याला मी चारचौघांत नावाने हाक मारते. त्यात मला काही वाटत नाही. मग या दोन नावांशीच तोंड का मिटतं, ते मला सांगता येत नाही.

लिहिलेलं सगळं आता वाचून बघितलं. त्यातसुद्धा ती नावं कुठेच आली नाहीत. मुद्दाम टाळली असं नाही, पण हात तिथे गेलाच नाही. हे पत्र मी कुठे टाकणार नाही, आणि टाकणार तरी कुठे.

आता उठायला हवं, भाकऱ्या करायच्या आहेत. डबा आणला तेव्हा मी तो नावं पुढे करून ओट्यावर ठेवला होता आणि घरात सगळ्यांना सांगितलं होतं, हा आता असाच राहणार, कोणी फिरवायचा नाही. आई, तो पुन्हा भिंतीकडे केव्हा वळला ते मला सांगता येणार नाही. या घरात पीठ मीच काढते.